पाखरांचा रकाना

जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उठून पंधरा दिवस झाले होते, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी मला आत बोलावलं आणि सोलापुरातल्या चांगल्या जागांची यादी करायला सांगितली. चांगल्या म्हणजे फिल्म घेण्याजोग्या. मुंबईहून तीन माणसं येणार होती. त्यांना चादरीवर वीस मिनिटांची एक फिल्म करायची होती आणि शहर त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. आमची गिरणी त्यांना जीप देणार होती, ड्रायव्हर देणार होती आणि जागा दाखवायला एक माणूस देणार होती. तो माणूस मी.

मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो आणि टाइमकीपरच्या ऑफिसात कारकून होतो. त्याआधी अकरा वर्षं मागांच्या खात्यात काढली होती. कुणाचा माग किती वेळ चालला, किती वेळ बंद राहिला, का बंद राहिला, हे मागांच्या रांगेत फिरत, उभ्या उभ्या लिहिण्याचं काम.

साहेब म्हणाले, "तुम्ही मोजल्याशिवाय काही लिहीत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय."

बोलता बोलता त्यांनी काचेच्या पलीकडच्या टेबलाकडे पाहिलं. हेडक्लार्क मार्चअखेर निवृत्त होणार होते. त्यांच्यानंतर ज्येष्ठतेनं माझा नंबर होता, आणि हे काम नीट झालं तर साहेबांना वर शिफारस करायला सोपं जाणार होतं, एवढं मला न सांगता कळलं. मीही त्या टेबलाकडे पाहिलं. त्यावर काळा टेलिफोन होता.

सोलापूरची टेलिफोनची लाइन खराब आहे असं माझं दोन वर्षांपासूनचं मत होतं आणि ते मी विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही सांगत असे. टेलिफोन वाजला की मी एखादं रजिस्टर उचलून आतल्या खोलीत जात असे. दोन-तीनदा सापडलो. पलीकडचा माणूस बोलत होता, मी "हो, हो" म्हणत होतो, आणि नंतर कळलं की त्यानं प्रश्न विचारला होता. हेडक्लार्क झाल्यावर रजिस्टर उचलून जाणार कुठं, ही काळजी मला त्या दिवसापासून लागली. पण जागेची आशाही होतीच. घरात तीन मुलं, थोरली अकरावीला.

मुंबईच्या पत्रात गरज स्पष्ट लिहिली होती. तीन जागा चित्रासाठी आणि एक जागा आवाजासाठी. पूर्व भागातल्या एका म्हाताऱ्या विणकराला ते बोलतं करणार होते आणि त्याचं तोंड व बोलणं त्यांना एकाच वेळी घ्यायचं होतं. त्याच्या घरी ते शक्य नव्हतं. पुढच्या खोलीत माग, शेजारी माग, समोर माग. म्हणून जवळपास एखादी "पूर्ण शांत" जागा हवी होती. "पूर्ण" या शब्दाखाली रेघ मारलेली होती.

मी एक वही केली. चित्राच्या जागांसाठी एका पोस्टकार्डात आयताकृती भोक पाडलं आणि एक डोळा मिटून त्यातून शहर बघत सायकलवर हिंडलो. ज्या शहरात जन्म गेला ते असं कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांनी पाहिलं तर तळं, देऊळ, किल्ल्याची भिंत. पोस्टकार्डातून पाहिलं तर मध्येच विजेच्या तारा, भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, वाळत घातलेली धोतरं. प्रत्येक जागेपुढे मी लिहिलं: ऊन कुठून येतं, किती वाजेपर्यंत पाठीमागे राहतं, तारा किती, गिरणीच्या चिमणीचा धूर कोणत्या बाजूला जातो. तळ्याच्या मागच्या कडेवरून सकाळी नऊपर्यंत देऊळ आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब, दोन्ही भोकात बसत होती. नऊनंतर पाणी नुसतं चमकत होतं. अशा तीन जागा चार दिवसांत मिळाल्या.

शांत जागेला वेळ लागला. त्यासाठी मी रकाने पाडले: गाड्या, भोंगे, माणसं, जनावरं, पाखरं, इतर. प्रत्येक ठिकाणी सकाळ, दुपार, संध्याकाळ दहा-दहा मिनिटं घड्याळ हातात धरून उभा राहायचो आणि आवाज झाला की रेघ मारायचो. चार उभ्या, पाचवी आडवी. सात जागा झाल्या. किल्ल्याच्या खंदकाची बाजू, कंबर तलावाचा बांध, एका मठाचं मागचं अंगण, मालधक्क्यामागचं लिंबाचं झाड आणि इतर तीन. एकवीस वेळा उभा राहिलो. लोक विचारायचे, काय मोजताय? मी म्हणायचो, आवाज. मग ते जरा लांबून जायचे.

बेरीज केली तेव्हा पहिल्या नंबरावर मठाचं अंगण आलं. दहा मिनिटांत सरासरी तीन आवाज. दुसऱ्या नंबरावर कंबर तलावाचा बांध, सरासरी चार. यादी टाइप केली, "वरील सर्व ठिकाणे प्रत्यक्ष उभे राहून पाहिली व मोजली आहेत" असं लिहिलं आणि सही केली. सही करताना मला समाधान वाटलं, ते इथं लिहायला हवं. शहरातली शांतता कुणी तोपर्यंत मोजली नव्हती.

मुंबईची माणसं आली. एक प्रमुख, एक कॅमेरावाले, एक आवाजवाले. आवाजवाले तिशीचे होते, अंगानं बारीक, खांद्याला टेपरेकॉर्डर आणि कानावर झाकणं. ते फार कमी बोलायचे. चित्राच्या तिन्ही जागा पहिल्या फेरीत पसंत पडल्या. प्रमुखांनी माझं पोस्टकार्ड मागून घेतलं, त्यातून पाहिलं आणि हसून परत दिलं. मी खूश होतो.

मग आम्ही मठाच्या अंगणात गेलो. आवाजवाल्यांनी कानांवर झाकणं चढवली, डोळे मिटले, आणि अर्ध्या मिनिटात उघडले.

"हा कसला आवाज आहे?"

"कुठला?" मी विचारलं.

"खटक-खटक, खटक-खटक. सगळीकडून येतोय."

मी ड्रायव्हरकडे पाहिलं. तो नातेपुत्याकडचा, पण सोलापुरात दहा वर्षं काढलेला. तोही माझ्याकडे पाहत राहिला. मग त्यालाच आधी उमगलं आणि तो जीपच्या बॉनेटवर हात आपटून हसायला लागला. "सायेब, ते माग हायत की. ते काय आवाज न्हाय."

मग मलाही ऐकू आलं. मठाच्या भिंतीपलीकडे मागांचीच वस्ती होती. मी तिथं तीन वेळा दहा-दहा मिनिटं उभा होतो आणि एकही रेघ मारली नव्हती. कुणी आपल्या श्वासापुढे रेघ मारत नाही तसं झालं होतं. प्रमुखही हसले, मठातले स्वामी हसले, मीही हसलो. सोलापूरच्या माणसाला मागाचा आवाज विचारू नये, असं ठरलं. चूक होती, पण ती साऱ्या गावाची होती, त्यामुळे ती मला फारशी लागली नाही.

तिथून कंबर तलावावर गेलो. तिथं माग लांब होते. वारा पडलेला होता. मी मुद्दाम कान देऊन ऐकलं. काही नव्हतं. आवाजवाल्यांनी झाकणं चढवली, थोडा वेळ उभे राहिले आणि मान हलवली.

"हे नाही चालणार. पाखरं फार आहेत. त्या चिमण्यांचा कलकलाट बघा ना."

मी बाभळींकडे पाहिलं. चिमण्या दिसत होत्या. पुष्कळ होत्या, चोची उघडत-मिटत होत्या. मी ड्रायव्हरकडे पाहिलं, तो आता हसेल या आशेनं.

"व्हय की," तो म्हणाला, "लई कालवा लावलाय. आन् ते रहाटाचं चाक बी कुरकुरायलंय तिकडं."

मठात मला सांगितल्यावर ऐकू आलं होतं. इथं सांगितल्यावरही आलं नाही. मी श्वास धरून ऐकलं. लांब एक ट्रक, आणि बाकी सगळी मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत चिमण्यांच्या चोची हलत होत्या.

"हो," मी म्हणालो, "आहेत खऱ्या."

हे खोटं होतं. ऑफिसच्या कामात मी बोललेलं ते पहिलं खोटं, निदान मला आठवणारं पहिलं. नंतर जीपमध्ये बसल्यावर मी वही उघडली आणि पाखरांचा रकाना वरून खाली पाहिला. सात जागा, एकवीस खेपा, मिळून साडेतीन तास. कावळे चार. बाकी काही नाही. तलावाच्या बांधावर, लिंबाच्या झाडाखाली, सकाळी आणि संध्याकाळी साडेतीन तास उभा राहिलेला माणूस चार कावळे लिहितो, तर त्या आकड्यात काहीतरी चुकलंय, हे कुठल्याही कारकुनाला दिसलं असतं. मला दिसलं नव्हतं. मी तीच बेरीज दोनदा तपासली होती.

पाच वाजता घरी पोचलो. मुलं अजून आली नव्हती. मी कपाटावरचं गजराचं घड्याळ काढून कानापासून वीतभर लांब धरलं. टिकटिक ऐकू येईना.

"घड्याळ बंद पडलंय का?" मी विचारलं.

बायको शिवणाच्या मशीनवर बसली होती. तिनं मान वळवली. "चालू आहे की. हितपर्यंत ऐकू येतंय."

मी तिच्या मशीनवरची मापाची टेप घेतली. तिला जागेवरच बसायला सांगितलं आणि घड्याळ घेऊन मागे मागे सरकत गेलो. ऐकू येईनासं झालं की हात वर कर, म्हटलं. मी दारापाशी पोचलो तेव्हा तिनं हात वर केला. अकरा फूट. मग घड्याळ खुंटीला टांगून मी स्वतः मागून पुढे आलो. डाव्या कानाला दोन इंच. उजव्याला पाच, तेही नक्की नाही. मी पुन्हा मोजलं. आकडे तेच आले.

ती मशीनवरून उठून समोर आली आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "आता कळलं होय?"

"तुला ठाऊक होतं?"

"दोन वर्षं झाली की. मी पाठमोरी असले म्हणजे तुम्ही ‘काय म्हणालीस’ विचारता. तोंड तुमच्याकडं असलं की एकदापण विचारत नाही. म्हणून मी वळून बोलते. मान दुखते माझी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार? तुम्हीच म्हणायचात, घरातली सगळी तोंडातल्या तोंडात बोलतात. चार माणसांची तोंडं बिघडली, की दोन कान, हा हिशेब तुम्हीच करायचा होता."

मला हसू आलं नाही. माझ्यापुढे मार्चअखेर होता आणि काळा टेलिफोन होता. लाइन खराब नव्हती. साहेबांना कळलं तर जागा जाईल. नाही कळलं तर जागा मिळेल आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्या ऑफिसला कळेल. आणि त्या दोन्हींच्या आधी माझ्या सहीची यादी साहेबांच्या फायलीत होती, सातपैकी सात जागा चुकीच्या. आवाजवाले मंगळवारी उरलेल्या पाच जागा बघणार होते. प्रत्येक ठिकाणी मी "आहेत खऱ्या" म्हणत उभा राहणार होतो.

मी तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "उद्या रविवार आहे. मी येते. मी ऐकते, तुम्ही लिहा."

लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि आम्ही दोघंच कधी गावात हिंडलो नव्हतो. सकाळी टांगा आणला तर शेजारच्या वहिनी दारातून म्हणाल्या, "काय हो, अठरा वर्षांनी जोडीनं निघालात, कुठला सिनेमा?" बायको म्हणाली, "आवाज ऐकायला." त्यांना ते उर्मट वाटलं, पुढे महिनाभर बोलल्या नाहीत.

लिंबाच्या झाडाखाली ती डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली आणि मी तिच्या बाजूला वही घेऊन. ती हळू आवाजात सांगत होती, माझ्याकडे तोंड करून. साळुंकी. चिमणी, चिमणी, अजून एक चिमणी. सायकलची घंटी. कुणाचं तरी दार कुरकुरलं. लहान मूल. शिट्टी, बहुतेक शंटिंगवाल्याची. मी रेघा मारत होतो आणि माझा हात पुरत नव्हता. दहा मिनिटांत नुसत्या पाखरांच्या एकसष्ट रेघा झाल्या. त्या रकान्यात जागा संपली, तेव्हा मी समासात लिहायला लागलो. जिथं मला रिकामं वाटत होतं तिथं एवढं सगळं चाललं होतं आणि माझ्याशिवाय सगळ्यांना ते माहीत होतं, हे प्रत्येक रेघेला नव्यानं कळत होतं.

पाचही जागा दुपारपर्यंत बाद झाल्या.

टांग्यात बसल्यावर मी म्हटलं, या गावात शांत जागा नाहीच. ती म्हणाली, "कशी असेल? आपल्याकडं माग सुम्म झाले की बाया दारात येऊन उभ्या राहतात." ती अक्कलकोटकडची, आमच्या घरी निम्मं कानडी चालतं. सुम्म म्हणजे गप्प, आणि सुम्म म्हणजे नुसतं, बिनकामाचंही. पेठेत माग सुम्म झाले म्हणजे वीज गेली, नाहीतर संप, नाहीतर कुणी वारलं. शांतता हवी असं म्हणणारी माणसं सोलापूरनं मुंबईहून आलेलीच पहिल्यांदा पाहिली.

टांगा कापडबाजारात, चाटी गल्लीपाशी आला तेव्हा ती एकदम म्हणाली, "मामांचं गोदाम बघायचं का?"

तिचे मामा चादरींचे ठोक व्यापारी. घरामागे त्यांचं गोदाम. ती सात-आठ वर्षांची असताना लपंडावात त्या गोदामात चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये जाऊन बसली होती. सगळी मुलं, मामी, गडीमाणसं हाका मारून दमली. विहिरीत गळ टाकायची वेळ आली. "मला एकपण हाक ऐकू आली नव्हती," ती म्हणाली. "खोटं बोलते म्हणून वर मार खाल्ला."

मामांनी किल्ली दिली. दार जाड होतं. आत जमिनीपासून वरपर्यंत चादरींच्या थप्प्या, मधे गाडी वळेल एवढी मोकळी जागा. पत्र्यात ओळीनं काचा बसवलेल्या होत्या, त्यातून मऊ उजेड खाली येत होता. मी पोस्टकार्ड काढून पाहिलं. चौकटीत थप्प्या, उजेड आणि बसायला एक गठ्ठा. तार एकही नाही. मी दार लोटलं आणि घड्याळ हातात धरलं.

ती उभी राहिली. एक मिनिट गेलं. दोन गेली. मी पेन्सिल धरून तिच्या तोंडाकडे पाहत होतो. तोंड हललं नाही. पाच मिनिटांनी ती म्हणाली, "काहीच नाही."

"माग?"

"माग पण नाहीत. तुम्हाला काय येतंय?"

"काहीच नाही."

"मग सारखंच झालं," ती म्हणाली.

मंगळवारी त्या पाच जागांऐवजी मी सगळ्यांना गोदामात आणलं. कॅमेऱ्याचा घरघर आवाज येऊ नये म्हणून कॅमेरावाल्यांनी मामांचीच एक चादर त्याला गुंडाळली. आवाजवाले दोन मिनिटं डोळे मिटून उभे राहिले आणि उघडून पहिल्यांदाच हसले. मी बायकोला बरोबर आणलं होतं. तिनं ऐकून सांगितल्याशिवाय मी नव्या यादीवर सही करणार नव्हतो, पण कारण कुणाला सांगितलं नव्हतं. मामांची भाची आहे, किल्ली तिच्याकडे आहे, एवढंच म्हटलं होतं.

आवाजवाले तिला नम्रपणे म्हणाले, "ताई, तेवढ्या बांगड्या काढून ठेवता का? बारीक आवाज येतो."

मामा खाली पाहायला लागले. ड्रायव्हर बाहेर गेला. ती शांतपणे म्हणाली, "त्या अशा काढायच्या नसतात." आणि तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळून छातीशी धरले. आवाजवाल्यांना चूक कळली, त्यांनी माफी मागितली. चित्रीकरण संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

म्हाताऱ्या विणकराला गठ्ठ्यावर बसवलं. घरात तेलुगू बोलणारा माणूस, पण मराठी चांगलं होतं. कॅमेरा सुरू झाला आणि तो ओरडायला लागला. रागानं नव्हे, बोलणंच तसं. आवाजवाल्यांनी दचकून कानावरची झाकणं काढली. "बाबा, जरा हळू," प्रमुख म्हणाले. म्हातारा त्याच आवाजात पुढे बोलत होता. ते पुन्हा म्हणाले, तिसऱ्यांदा म्हणाले. प्रमुख कॅमेऱ्याआड होते, आणि म्हाताऱ्याला त्यांचं तोंड दिसत नव्हतं.

मी बाजूला सरकलो, म्हाताऱ्याला दिसेन असा उभा राहिलो आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून म्हटलं: हळू बोला.

तो लगेच थांबला. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि तसेच, आवाजाशिवाय, ओठ हलवले.

"तुमीपण मागावरचेच की."

मला ते स्पष्ट कळलं. टेपवर त्यातलं काही आलं नाही. मागांच्या खात्यात कुणी कुणाशी आवाजानं बोलत नाही, ओठांवरून बोलतात, ती आमची अकरा वर्षांची सवय होती. ऑफिसात आल्यावर ती सुटली असं मी समजत होतो. सुटली नव्हती. मी इतकी वर्षं माणसांचं बोलणं बघत होतो. टेलिफोनला ओठ नव्हते.

त्यानंतर तो हळू बोलला. छान बोलला. प्रत्येक वाक्य संपलं की माझ्याकडे पाहायचा आणि मी ओठांनी सांगायचो: बरोबर, किंवा: अजून थोडं हळू. बाहेर पडताना माझ्या खांद्यावर हात ठेवून पुन्हा मोठ्यानं म्हणाला, "कान जातंय, माणूस राहतंय. बाहेर लोक म्हणतेत म्हातारा भांडतंय. तुमी भांडता का घरात?" बायको मागे उभी होती. ती म्हणाली, "व्हय, लई." तिनं मुद्दाम त्याच्याकडे तोंड करून म्हटलं होतं. त्याला ते कळलं आणि तो हसला.

बुधवारी मी नवी यादी टाइप केली. आठवी जागा लिहिली, जुन्या सात बाद केल्याची कारणं लिहिली. खाली शेरा लिहायची ओळ होती. तिथं बराच वेळ यंत्रावर बोटं ठेवून बसलो. गोदाम पसंत पडलं होतं, काम पार पडलं होतं, कुणी काही विचारणार नव्हतं. पण पहिल्या यादीवर माझी सही होती आणि ती यादी चूक का झाली हे त्या फायलीत कुठंच येत नव्हतं. मी टाइप केलं: "पहिल्या यादीतील पाखरांचा रकाना चुकीचा आहे. मोजणाऱ्यास चिमणी ऐकू येत नाही. आठवी जागा मोजणाऱ्याच्या पत्नीने ऐकून खात्री केली आहे." सही केली आणि फाइल आत पाठवली. त्या दिवशी डबा उघडलाच नाही.

दोन दिवसांनी साहेबांनी बोलावलं. बसायला सांगितलं, तसं ते कारकुनाला सांगत नसत. माझ्याकडे तोंड करून, जरा सावकाश बोलले, त्यावरून त्यांनी शेरा वाचला हे मला कळलं.

"हे लिहायची काय गरज होती?"

"सही माझी आहे, साहेब."

"आणि टेलिफोन?"

"लाइन चांगली आहे. कान माझा आहे."

त्यांनी काचेपलीकडे पाहिलं. मग म्हणाले, टेलिफोनशिवाय हेडक्लार्क कसा चालेल, हे तुम्हीच सांगा. जागा माझ्यामागच्या माणसाला मिळाली. माझी नोकरी होती तशी राहिली, टाइमकीपरच्या टेबलाशी, आणि ती राहील की नाही ही काळजी मात्र पुढे वर्षभर गेली नाही. कुणी हळू बोललं की आपल्याबद्दलच बोलतायत असं वाटायचं.

घरी सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटणं खाली ठेवून वळली आणि म्हणाली, "आता टेलिफोन वाजला की उठून पळायला नको." मग पुन्हा पाठमोरी झाली. आणखी काहीतरी म्हणाली असावी. मी उठून तिच्यासमोर, चुलीच्या बाजूला जाऊन बसलो. तिनं ते पुन्हा सांगितलं, पण ते इथं लिहायचं नाही.

दिवाळीनंतर फिल्म गिरणीच्या कँटीनमध्ये पडद्यावर दाखवली. तळ्याचं पाणी आलं, देवळाचं प्रतिबिंब आलं, बरोबर नऊच्या आधीचं. मग गोदाम आणि म्हातारा. तो बोलत होता आणि मला त्याचे ओठ वाचता येत होते, त्यामुळे सगळं कळत होतं. मध्ये तो एकदा थांबून बाजूला पाहतो. तिथं त्यानं माझ्याकडे पाहिलं होतं. त्या थांबण्यात माझ्या शेजारी बसलेल्या बायकोनं एकदम माझं मनगट धरलं आणि अंधारात माझ्याकडे वळली.

अंधारात मला तिचे ओठ दिसत नव्हते. दिवे लागेपर्यंत मी थांबलो.

"काय झालं होतं?"

"माझी बांगडी," ती म्हणाली. "एकदाच वाजली. त्यांनी ठेवलीय."

आवाजवाल्यांच्या कानांतून ती सुटली होती की त्यांनी मुद्दाम ठेवली होती, कुणाला विचारलं नाही. घरी येऊन मी ती जुनी वही काढली. आठव्या जागेपुढे सगळे रकाने रिकामे होते. ‘इतर’ या रकान्यात मी एक रेघ मारली आणि पुढे लिहिलं: बांगडी, तिच्या सांगण्यावरून.